सांध्यावरून बाहुली ओळखावी

बाहुली हातात आली की बहुतेक जण आधी तिचा चेहरा बघतात. डोळे कसे रंगवलेत, ओठ हसरे आहेत का, केस दाट आहेत का. संग्राहकानं आधी तिचं कोपर बघावं. चेहऱ्यावरून बाहुली कुणाला आवडेल एवढंच कळतं. तिच्याकडून घडवणाऱ्याची अपेक्षा काय होती, हे सांधे सांगतात. ती नुसती बघायची आहे, हातात धरून ठेवायची आहे, तिला कपडे घालायचे आहेत की तिच्याकडून काही करून घ्यायचं आहे, याचं उत्तर खांदा, कोपर, मनगट, कंबर आणि गुडघा या पाच ठिकाणी सापडतं.

माझ्या संग्रहात नव्यानं आलेली बाहुली आहे बार्बी, ‘मेड टू मूव्ह’ या मालिकेतली. उंची साधारण 29 सेंटिमीटर, म्हणजे नेहमीच्या बार्बीएवढीच. 2015 साली ही मालिका आली तेव्हा कंपनीनं तिचे 22 सांधे मोजून सांगितले होते. मान, दंड, कोपरं, मनगटं, धड, कंबर, मांड्या, गुडघे आणि घोटे. भूम तालुक्यातल्या ईटसारख्या गावी राहून बाहुल्या जमवायच्या म्हणजे खरेदी बहुतेक पार्सलनंच होते. दुकानात उभं राहून हात वाकवून बघण्याची सोय नसते. त्यामुळं खोकं उघडल्यावर पहिलं काम तेच. एकेक सांधा हळूच फिरवून बघायचा आणि वहीत नोंदवायचा.

हिचं कोपर नीट न्याहाळलं तर दोन हालचाली दिसतात. हात बिजागरीसारखा दुमडतो आणि त्याच जागी थोडा फिरतोही. मनगटाचंही तसंच. म्हणून तिचा पंजा गालापर्यंत जातो, कमरेवर टेकतो, दोन्ही तळवे छातीपाशी एकमेकांजवळ येतात. छातीखाली एक सांधा आहे, त्यामुळं ती थोडी पुढं वाकते, बाजूला झुकते. मांडीचा वरचा भाग स्वतःभोवती फिरतो आणि गुडघा पूर्ण दुमडतो, म्हणून ती मांडी घालून बसते. फार थोड्या बाहुल्यांना हे जमतं. या मालिकेतल्या पहिल्या बाहुल्या योगासनांच्या कपड्यांत विकायला आल्या, त्यामागं हेच कारण. याची किंमत तिला रूपानं मोजावी लागते. कोपरावर, गुडघ्यावर, छातीखाली फटी दिसतात. बिनबाह्यांचा पोशाख घातला की त्या फटी लगेच नजरेत भरतात. काही संग्राहकांना त्या खपत नाहीत. मला त्या आवडतात, कारण ती फट म्हणजे कारागिरानं आपलं काम उघड ठेवल्याची जागा आहे.

हलणारा सांधा आणि धरून ठेवणारा सांधा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करतात. त्या परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. कळसूत्री बाहुलीचा सांधा जितका सैल तितका चांगला. तिचा हात वर राहतो तो दोरीमुळं, आणि दोरी सोडली की वजनानं खाली येतो. सारी चेतना खेळ करणाऱ्याच्या बोटांत असते. माझ्या टेबलावरच्या बाहुलीला दोरी नाही. तिनं हात वर केला तर तो तसाच राहिला पाहिजे, आणि तो राहतो निव्वळ घर्षणामुळं. आतल्या खुंटीचा आणि तिच्या भोवतालच्या खोबणीचा एकमेकांवर दाब असतो. हात सरळ लांब केला की पंज्याचं वजन खांद्यापासून दूर जातं आणि त्या खुंटीवरचा ताण वाढतो. म्हणूनच जुन्या होत चाललेल्या बाहुलीचे हात दुमडलेले असताना टिकतात आणि लांब केले की हळूहळू खाली उतरतात. प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक घासून खोबणी गुळगुळीत होते, मग पकड जाते. त्यावर संग्राहकांचा साधा उपाय आहे: सांध्याच्या फटीत पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मगच सांधा हलवायचा. घाई केली तर सांधा चिकटून बसतो.

तिसरी एक रीत जपानी बाहुल्यांत दिसते. व्होल्क्स या कंपनीनं 1999 मध्ये ‘सुपर डॉल्फी’ आणली. तिच्यात गोल गोळ्यांचे सांधे असतात आणि आतून ताणलेलं इलॅस्टिक सगळे अवयव एकत्र ओढून धरतं. ती डौलात उभी राहते, पण इलॅस्टिक काही वर्षांनी थकतं आणि बदलावं लागतं.

आता कपड्यांकडं येऊ. पोशाखाच्या बाहुलीचा, म्हणजे फॅशन डॉलचा, खरा कस इथंच लागतो. मला हिला लुगडं नेसवून बघायचं होतं. बाजारात साडीतल्या बार्बी बऱ्याच वर्षांपासून मिळतात, पण त्यांच्या साड्या बहुधा शिवलेल्या असतात. वरून घालायच्या, मागं बटण लावायचं. मला नऊवारी हवी होती, कासोट्याची. आमच्या आत्या आजही रोज लुगडं नेसतात, म्हणून त्यांनाच विचारलं.

हिशेब सोपा वाटतो. ही बाहुली माणसाच्या सहाव्या हिश्शाची धरतात. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याला सहानं भागलं की एक मीटर सदतीस सेंटिमीटर. लुगड्याचा पन्हा सव्वा मीटरच्या आसपास धरला तर बाहुलीचा पन्हा वीस-एकवीस सेंटिमीटर. तेवढं कापड कापून आत्यांपुढं ठेवलं. त्यांनी बाहुली उलटसुलट फिरवली, गुडघा वाकवून बघितला आणि म्हणाल्या, “हिचे पाय फाकत्यात तर. मग बसंल कासोटा.” हे मला सुचलं नव्हतं. कासोटा दोन पायांच्या मधून मागं न्यायचा असतो. जिचे पाय एकमेकांना चिकटलेले आहेत किंवा फक्त पुढंमागं होतात, तिला तो नीट बसत नाही, कापड मध्येच गोळा होऊन राहतं. पाय बाजूलाही व्हावे लागतात. हिच्या कमरेच्या सांध्याला ती मोकळीक आहे.

पण खरी अडचण पुढं आली. निऱ्या घालून कमरेशी खोचल्या तर पोटावर केवढा तरी गठ्ठा झाला. लांबी-रुंदीला सहानं भागता येतं, जाडीला नाही. सुताची जाडी तीच राहते. माणसाच्या कमरेला जे कापड चापूनचोपून बसतं तेच बाहुलीच्या कमरेला गोधडीसारखं वाटतं. आत्यांनी ते कापड बाजूला सारलं आणि धुऊन-धुऊन विरलेल्या मलमलीच्या ओढणीचा तुकडा मागितला. तो बसला. काठाचाही तोच प्रश्न. इरकल लुगड्याचा चार बोटांचा काठ बाहुलीवर कमरेपासून गुडघ्यापर्यंत येईल. त्यासाठी अर्ध्या बोटाएवढी अरुंद रेशमी फीत वेगळी शिवावी लागली. नेसवून झाल्यावर आत्यांनी तिला मांडी घालायला लावली. कासोटा सुटला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “आता झाली बाई.”

याच जाडीच्या प्रश्नानं बार्बीचं अंग घडवलं, असं तिच्या कंपनीचे रचनाकार सांगत आले आहेत. 9 मार्च 1959 रोजी न्यूयॉर्कच्या खेळणी मेळ्यात ती पहिल्यांदा लोकांपुढं आली. बार्बीच्या जन्मदात्या रूथ हँडलर यांनी युरोपच्या प्रवासात ‘लिली’ नावाची जर्मन बाहुली पाहिली होती आणि तिच्यावरून मोठ्या बाईच्या बांध्याची बाहुली काढायचं ठरवलं होतं. कपड्यांची जबाबदारी शार्लट जॉन्सन यांच्याकडं होती. घागऱ्याची पट्टी, आतलं अस्तर, त्यावर पोलक्याची कड, असे मिळून चार थर कमरेशी आले की ती जाड दिसते, म्हणून मुळातच कंबर बारीक ठेवली, असं हे स्पष्टीकरण आहे. लुगडं नेसवताना या म्हणण्यातला खरेपणा मला हातानं कळला. तरीही ते पुरेसं नाही, असं माझं मत आहे. बाहुली नेहमी चार थर घालून बसत नाही. पोरी तिला कपडे काढूनही खेळवतात, आणि त्या वेळी समोर दिसते ती कुठल्याच बाईची नसलेली कंबर. 2016 च्या जानेवारीत कंपनीनं भरलेल्या अंगाची, उंच आणि ठेंगणी अशी तीन नवी शरीरं आणली, ती यायलाच हवी होती.

कापड आणि बाहुली यांचं नातं बघायला लांब जायची गरज नाही. आमच्याच धाराशिव जिल्ह्यात, तेरणेच्या काठी, तेर आहे. गोरोबाकाकांचं गाव म्हणून ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. त्याच्या कितीतरी आधी ते ‘तगर’ नावाचं मोठं व्यापारी नगर होतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचं म्हटलं आहे. तिथून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडं जात असे. हे तगर म्हणजेच तेर, ही ओळख अभ्यासक फ्लीट यांनी 1901 मध्ये पटवून दिली. हेन्री कझिन्स यांनी तिथल्या पांढरीच्या टेकड्या बघून त्याबद्दल लिहिलं.

तेरमध्ये शेत नांगरताना, पांढरीची माती नेताना, पावसानं काठ खचल्यावर जुन्या वस्तू वर येत. त्या जमवल्या गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी. मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या, खापरं, साचे, दिवे आणि मातीच्या मूर्ती यांचा त्यांनी केलेला संग्रह हजारोंच्या घरात गेला. आज तो त्यांच्याच नावाच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात आहे. ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी 1960 मध्ये तेरवर एक छोटं पुस्तक लिहिलं, आणि हा संग्रह जगभरच्या अभ्यासकांना माहीत झाला.

या संग्रहातल्या मातीच्या बायका बघताना पोशाखाच्या बाहुल्या जमवणाऱ्या माणसाचं मन थांबतंच. पांढऱ्या, बारीक, केओलिन मातीच्या त्या आहेत. पुढचा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्या साच्यात दाबून काढायचा आणि दोन्ही जोडून भाजायचे. आतून पोकळ, म्हणून हलक्या. कारागिरानं सगळा जीव ओतलाय तो केशरचनेत आणि दागिन्यांत. केसांचे भांग, वेण्या, माथ्यावरची आभूषणं, कानातली जड कुंडलं, गळ्यातल्या माळा सगळं बारकाव्यानं उतरलं आहे. सातवाहनांच्या काळात बाईनं नटायचं म्हणजे काय करायचं, याची कल्पना या बोटभर मूर्तींवरून येते. पण हा सारा साज साच्यातच कोरलेला आहे. तो काढता येत नाही, बदलता येत नाही. सांधा एकही नाही.

तेरची हस्तिदंती बाई याच घराण्यातली. अंगभर दागिने ल्यालेली ही मूर्ती अभ्यासकांत प्रसिद्ध आहे ती तिच्या एका परदेशी बहिणीमुळं. इटलीत पाँपेईच्या उत्खननात 1938 साली अमेदेओ मायुरी यांना एक भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली शहर गाडलं गेलं, म्हणजे त्याआधीच ती तिथं पोचली होती. उंची पाव मीटरच्या आसपास. सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हटलं गेलं; आता बरेच अभ्यासक तिला यक्षी किंवा नटलेली स्त्री मानतात. मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या, पायांत जाड तोडे, कमरेला मेखला, पाठीवर वेणी, दोन्ही बाजूंना प्रसाधनाचं साहित्य घेतलेल्या दोन लहान दासी. तिसरी बहीण जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला 1973 च्या उत्खननात मिळाली. तिचा वरचा भाग गेला आहे, पण कमरेखालचा भाग आणि दोन दासी शिल्लक आहेत. तेर आणि भोकरदनच्या या मूर्तींमुळंच पाँपेईची मूर्ती दख्खनच्या याच भागात घडली असावी, असं मत पुढं आलं. ती आरशाची मूठ होती की एखाद्या छोट्या चौरंगाचा पाय, याबद्दल चर्चा अजून चालू आहे. डोक्यातून खाली एक भोक पाडलेलं आहे, त्यावरून ती कशाचा तरी आधार होती एवढं नक्की.

पाँपेईच्या मूर्तीचा एक हात डोक्यामागं वळलेला आहे, कोपर दुमडलेलं आहे, पाय एकात एक अडकवलेले आहेत. उभं राहण्याची ही तऱ्हा इतकी जिवंत आहे की आता ही हात सोडून केस मोकळे करील असं वाटतं. पण ते कोपर कायमचं वाकलेलं. हस्तिदंत कोरणाऱ्यानं हालचालीतला एकच क्षण निवडला आणि तिला तिथं थांबवलं. तिला कपडे नेसवायचेच नव्हते. तिनं आरसा किंवा पाट पेलायचा होता आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांना सुख द्यायचं होतं. ते काम तिनं चोख केलं.

आता त्याच काळाच्या आसपासची दुसरी हस्तिदंती बाहुली बघा. 1889 च्या मे महिन्यात रोममध्ये न्यायालयाच्या नव्या इमारतीचा पाया खणताना एक दगडी शवपेटी लागली. पेटीवर नाव होतं क्रेपेरेया ट्रिफाएना. दुसऱ्या शतकातली ही तरुण मुलगी. तिच्याजवळ दागिने होते आणि सुमारे 23 सेंटिमीटर उंचीची एक बाहुली होती. बाहुलीचे केस त्या काळच्या सम्राज्ञी फाउस्टिनाच्या धाटणीचे. अंगठ्यात एक अंगठी, तिला इवलीशी किल्ली, आणि सोबत बाहुलीची छोटी पेटी, आरसे, फण्या. बाहुलीच्या अंगावर कोरलेला कपडा नाही. खांदे, कोपरं, कंबर आणि गुडघे खुंट्यांनी जोडलेले आहेत, आणि ते हलतात. कधीकाळी तिचे कपडे असतील तर ते काळाच्या ओघात गेले. ती आज रोममध्ये कॅपिटोलाइन संग्रहालयाच्या ताब्यात आहे.

दोन्ही बाहुल्या हस्तिदंताच्या, दोन्ही नटण्याच्या जगातल्या, दोन्हींच्या सोबत प्रसाधनाचं साहित्य. तरी एकीचा साज अंगात कोरलेला आणि दुसरीचा साज पेटीत ठेवलेला. एवढ्या एका फरकानं दुसरीला सांधे लागले. बाही चढवायची तर दंड वर व्हायला हवा, कोपर वाकायला हवं. बसवायची तर कंबर आणि गुडघा हवा. वेगळा कपडा आला की सांधा येतोच. ग्रीकांच्या मातीच्या बाहुल्यांतही त्याआधी हातपाय दोऱ्यातारांनी जोडलेले सापडतात. आपल्याकडं तेरच्या साच्यांमध्ये तसं झालं नाही. त्यात काही कमीपणा आहे असं मी मानत नाही. आपल्या कारागिरानं सगळं कसब केसांच्या बटेत आणि माळेच्या मण्यात घातलं. घरोघरच्या पोरींनी सांध्याचा प्रश्न स्वतःच सोडवला होता: चिंध्या गुंडाळून केलेली बाहुली सांध्याविना हवी तशी वाकते, तिला लुगडं नेसवता येतं आणि बाहुल्याबरोबर तिचं लग्नही लागतं. लाकडाची ठकी मात्र रंगवलेल्या लुगड्यानिशीच येई. तिच्या अंगावरून ते कधी उतरलं नाही. ती तेरच्या मातीच्या बाईची वारसदार म्हणायला हरकत नाही.

युरोपात पुढं कपड्यांच्या बाहुल्यांचं मोठं प्रस्थ झालं. सतराव्या-अठराव्या शतकात पॅरिसची नवी वेशभूषा नटवलेल्या बाहुल्यांच्या अंगावरून दुसऱ्या राजधान्यांत जाई. नंतर छापील चित्रं आली आणि त्या मागं पडल्या.

बार्बीच्या सांध्यांचा इतिहास मला जास्त बोलका वाटतो. 1959 च्या बार्बीला मान, दोन खांदे, दोन मांड्या एवढेच सांधे होते. ती हात वरखाली करी आणि ताठ पायांनी बसे. 1965 मध्ये तिचे गुडघे वाकू लागले. 1967 मध्ये कंबर फिरू लागली. 1970 मध्ये ‘लिव्हिंग बार्बी’ला आणखी सांधे आले, पण पुढची कितीतरी वर्षं बाजारात ताठ कोपरांच्याच बार्बी भरून राहिल्या. याच सुमारास मुलांसाठी काय होतं? 1964 मध्ये हॅस्ब्रो कंपनीनं ‘जी. आय. जो’ हा सैनिक आणला. त्याची जाहिरातच होती की त्याचे 21 भाग हलतात. त्यानं बंदूक धरायची, गुडघ्यावर बसायचं, रांगायचं, चढायचं. तोही कपडे बदलणारा बाहुलाच होता, बार्बीएवढाच. तिला पाच सांधे आणि याला एकवीस, हे काही तंत्राच्या मर्यादेमुळं झालं नाही. दोन्ही एकाच देशातल्या कंपन्या एकाच दशकात काढत होत्या. पोरगी बाहुलीला नटवील आणि पोरगा बाहुल्याकडून काहीतरी करून घेईल, असं मोठ्यांनी आधीच ठरवलं होतं आणि ते सांध्यांत ओतलं होतं. 22 सांध्यांची बार्बी आली 2015 मध्ये. मधली एकावन्न वर्षं मला खटकतात. ‘मेड टू मूव्ह’ बार्बी कुठल्याही संग्रहात असायला हवी, असं मी म्हणतो ते याचसाठी. तिचा चेहरा साधा आहे, पोशाख जेमतेम आहे, पण तिच्या कोपरात ही उशिरानं झालेली दुरुस्ती आहे.

घेणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. आमच्याकडं उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढं जातो. पत्र्याच्या खोलीत, खिडकीच्या उन्हात बाहुली ठेवू नये. मऊ व्हिनाइल लवचीक राहावं म्हणून त्यात मिसळलेला पदार्थ उष्णतेनं हळूहळू बाहेर येतो आणि अंग चिकट होतं, मग त्यावर धूळ बसते. मऊ व्हिनाइलच्या चपला-बूट कडक प्लॅस्टिकच्या पायात वर्षानुवर्षं राहिले तर तिथं खड्डा किंवा डाग पडतो. ते काढून वेगळ्या कागदात ठेवावेत. गडद रंगाचे कपडे, विशेषतः लाल आणि काळे, अंगावर रंग सोडतात. त्यामुळं ते आधी धुऊन रंग जातो का ते बघावं आणि मधे पांढऱ्या सुती कापडाचा थर द्यावा. अगदी जुन्या बार्बींच्या कानातल्या धातूच्या कुड्यांनी कानाभोवती हिरवा डाग पडतो. जुनी बाहुली विकत घेताना कान आधी तपासावेत. सांधे महिन्या-दोन महिन्यांतून एकदा हळूच फिरवावेत आणि ठेवताना गुडघे, कोपरं सरळ करून ठेवावीत. बार्बीची पावलं लहान आणि डोकं त्या मानानं जड, त्यामुळं ती स्वतःच्या बळावर फार वेळ उभी राहत नाही. स्टँड वापरावा. आणि हस्तिदंताची बाहुली कुणी विकायला आणली, कितीही जुनी म्हणून सांगितली, तरी घेऊ नये. हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडं कायद्यानं बंद आहे.

या सगळ्याहून मोठं काम नोंदीचं. लामतुरे यांनी जे वाचवलं त्याला तोड नाही. त्यांनी ते जमवलं नसतं तर तेरची ती केशरचना, ती हस्तिदंती बाई आज आपल्यापुढं नसती. पण शेतातून, पांढरीतून वर आलेली वस्तू जमिनीच्या नेमक्या कुठल्या थरात होती, तिच्या शेजारी काय पडलं होतं, हे एकदा निसटलं की परत मिळत नाही. म्हणून तिचा काळ तिच्यासारख्या इतर वस्तूंशी तुलना करूनच ठरवावा लागतो. भोकरदनचा तुकडा अर्धाच असला तरी अभ्यासकांना तो मोलाचा वाटतो, कारण तो रीतसर उत्खननात सापडला. क्रेपेरेयाच्या बाहुलीबद्दल आपण एवढं बोलू शकतो ते ती कुणाजवळ होती आणि तिच्यासोबत काय होतं हे लिहून ठेवलं गेलं म्हणून.

प्लॅस्टिकच्या बाहुलीलाही हाच नियम लावावा. माझ्या वहीत या बार्बीचं पान आहे: खोक्यावरचा क्रमांक, मानेमागं आणि पाठीवर कोरलेली अक्षरं, घेतल्याचा महिना, किंमत, कुठला सांधा सैल, मूळ कपडे कोणते, मलमलीचं लुगडं कुणी नेसवलं. मूळ कपडे वेगळ्या पाकिटात, पाकिटावर बाहुलीचं नाव. जिच्याकडून जुनी बाहुली घेतली तिचं नाव-गाव आणि तिनं सांगितलेली आठवण तिच्याच शब्दांत. ती बाई पुढं भेटेल न भेटेल.

भूम, परंडा, वाशी, कळंब या भागातल्या जुन्या वाड्यांत, माळ्यावरच्या पेट्यांत अजून ठकी असतील, चिंध्यांच्या बाहुल्या असतील, आजीच्या हातची इवली लुगडी असतील. त्या धुवायला, रंगवायला जाऊ नका. आहे तसा फोटो काढा, कुणाची, कधीची ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि लिहून ठेवा. तेर-परिसरात किंवा कुठल्याही पांढरीत नांगराच्या फाळाला मातीची बाई, साचा, मणी लागला तर तो विकू नका आणि आणखी खणूही नका. जागेची खूण करा, फोटो घ्या आणि तहसील कार्यालयाला किंवा तेरच्या संग्रहालयाला कळवा. पुरलेलं जुनं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचं बंधन 1878 पासूनच्या कायद्यात आहे, आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीवर 1972 च्या पुरावस्तू कायद्याची बंधनं आहेत. तेरचं संग्रहालय मुलांना घेऊन जाऊन एकदा बघा. जाताना घरातली एखादी सांध्यांची बाहुली पिशवीत टाका आणि मातीच्या त्या बायकांसमोर उभं राहून मुलांनाच विचारा, हिला कोपर का वाकवता येतं आणि तिला का नाही.